छापून न आलेल्या लेखकाने स्वतःची वेबसाइट काढावी का?

"अजून एकही पुस्तक नाही, कुठल्या मासिकात नाव नाही, मग वेबसाइट कशाला काढायची? लोक हसतील की!" पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या लिहित्या पोरापोरींकडून हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकायला मिळतो. कोडोलीची पोरगी विचारते, बाजार भोगावचा पोरगा विचारतो. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण तो तांत्रिक नाही. त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे: आम्हाला लेखक म्हणायचा अधिकार कुणाचा? संपादकाचा, प्रकाशकाचा, साहित्य संमेलनाचा, की आमचा स्वतःचा?

आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो. वेबसाइट काढावी. छापून येण्याची वाट बघत बसू नये. मात्र ती कशासाठी काढायची आणि कशी चालवायची, याच्या काही अटी आहेत. त्या पाळल्या नाहीत तर वेबसाइटचा वाढदिवसाचा फ्लेक्स होतो. चार दिवस चौकात झळकतो आणि पाचव्या दिवशी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो.

पन्हाळ्यापासूनच सुरुवात करू. याच गडावर 1729 साली कवी मोरोपंतांचा जन्म झाला. पुढे ते बारामतीला गेले. तिथे बाबूजी नाईकांचा आश्रय मिळाला आणि ते आयुष्यभर लिहीत राहिले. त्या काळात मराठी छापखाना नव्हता, म्हणजे आजच्या भाषेत मोरोपंत 'अप्रकाशित'च होते. तरीही त्यांच्या हजारो आर्या टिकल्या. कारण आश्रयदाता होता, नकला उतरवून घेणारे होते, ऐकणारे आणि ऐकवणारे होते, पोथ्या जपणारी घरे होती. याच गडाच्या पायथ्याला नेबापूर आहे. तिथले शिवा काशीद 1660 च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराजांच्या जागी पालखीत बसले आणि मरणाला सामोरे गेले. त्यांच्या हातचा एक शब्द आपल्याकडे नाही. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते, नाभिक समाजातल्या त्या माणसाने घरी काय सांगून पाय बाहेर टाकला, हे आपल्याला कधीच कळणार नाही. जे कळते ते दुसऱ्यांनी लिहिलेले. एकाच गडाच्या अंगाखांद्यावरची ही दोन माणसे आहेत. एकाचे शब्द उरले आणि दुसऱ्याचे फक्त बलिदान उरले. हा फरक प्रतिभेने पडलेला नाही. लिहिण्याची, जपण्याची आणि पसरवण्याची साधने कुणाच्या हातात होती, त्याने तो पडला आहे.

ही साधने हातात नसतील तर काय होते, हे महात्मा फुल्यांनी भोगले. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते नाटक छापून आले 1979 साली. मध्ये 124 वर्षे गेली! मराठी नाटकाच्या इतिहासातली मानाची पाने तोवर दुसऱ्यांच्या नावावर लिहून झाली होती. पुढे 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' तयार झाला. 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचेच पत्र, संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे चळवळीतलेच मोठे नाव. तिथेही पहिले दोन भाग छापून पुढचे थांबवण्यात आले. मित्रांनो, हा मुद्दा नीट लक्षात घ्या. प्रस्थापितांचे दार बंद होते हे तर झालेच, पण आपल्या माणसाच्या पत्रालाही मर्यादा पडली. म्हणून 1885 साली जोतिरावांनी 'सत्सार'चे अंक स्वतःच काढले. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत आम्ही कशाला यावे, असा त्या नकाराचा रोख होता.

बाबासाहेबांचे उदाहरण तर कोल्हापूरच्या मातीशी जोडलेले आहे. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. लेख नाही, साधी जाहिरात! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 21 आणि 22 मार्चला, माणगाव परिषद झाली. पुढे 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी मागवले, वाचले आणि त्यात बदल सुचवले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज जगभर अभ्यासले जाणारे 'जातिभेद निर्मूलन' हे मुळात लेखकाने स्वतः प्रकाशित केलेले पुस्तक आहे. स्वतः प्रकाशित करणे कमीपणाचे, असे ज्याला वाटते त्याने हे आधी आठवावे.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप पैशाचा. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेब एकटे रकान्यामागून रकाने लिहीत होते आणि वर कर्जाची चिंताही वाहत होते. कागद, छपाई, टपाल, सगळ्याला पैसा लागायचा. आज स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला काही शे ते हजारभर रुपयांत मिळते. तेही परवडत नसेल तर वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवर फुकट जागा मिळते. हातातल्या मोबाइलवर मराठी टाइप होते. तेव्हा पैशाची अडचण आहे, पण ती 1920 सारखी नाही.

दुसरा आक्षेप: वाचतो कोण? खरे आहे, सुरुवातीला कुणी वाचत नाही. पण व्हॉट्सॲपवर तरी काय होते? आमच्यातल्या एका पोराने 14 एप्रिलसाठी कविता लिहिली. सकाळी ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत ती दहा ग्रुपांत फिरली आणि संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या फोटोखाली, दुसऱ्याच कुणाच्या नावाने त्याच्याकडे परत आली. वाचक शेकड्यांनी मिळाले, लेखक मात्र हरवला. त्याने आक्षेप घेतल्यावर समोरचा म्हणाला, "भावा, तुझी कशावरून?" याला दाखवायला त्याच्याकडे काही नव्हते. आपल्या कायद्यात लेखन करताक्षणी लेखकाचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण हक्क असणे वेगळे आणि तो दाखवता येणे वेगळे. स्वतःच्या जागेवर नाव आणि तारखेसह मजकूर असेल तर निदान बोट ठेवायला जागा राहते.

फेसबुकचेही तसेच. तिथे लिहावे, भांडावे, माणसे जोडावीत. पण ते भाड्याचे घर आहे आणि मालक कधी घर खाली करायला लावील याचा भरवसा नाही. सामूहिक तक्रारी करून आपल्या कार्यकर्त्यांची खाती बंद पाडली जातात, हे आपण बघतो. कंपन्याही गाशा गुंडाळतात. ऑर्कुट 2014 साली बंद झाले, गूगल प्लस 2019 साली. तिथले लेखन ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाही, त्यांचे ते गेले.

तिसरा आक्षेप दर्जाचा. संपादक नाही, कात्री नाही, मनात येईल ते टाकले जाईल. हा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. संपादक म्हणजे शत्रू, असे मानायचे कारण नाही. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' अनेक दशके चालवले. त्या एका नियतकालिकाने नवख्या लेखकांच्या पिढ्या घडवल्या. ते काम कुठलीही वेबसाइट आपोआप करणार नाही. म्हणून आम्ही काही मंडळींनी एक रीत ठेवली आहे. महिन्यातून एका रविवारी पन्हाळ्यावर जमायचे, तीन दरवाजाच्या बाजूला सावली बघून बसायचे आणि प्रत्येकाने आपले लेखन मोठ्याने वाचायचे. 'वा वा' करायला बंदी. कुठे कळले नाही, कुठे पुरावा नाही, कुठे नुसती घोषणा झाली, एवढेच सांगायचे. त्यातून पार पडलेलेच वेबसाइटवर चढवायचे. एका ताईने सासरच्या गावातल्या पाणवठ्यावर लिहिलेला लेख तीनदा परत नेला. चौथ्यांदा वाचला तेव्हा कुणाला बोलायला काही उरले नाही. तो लेख एका संपादकाने 'विषय जुना झाला' म्हणून परत पाठवला होता. पाणी भरताना आजही ज्यांना रांगेत शेवटी उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी विषय जुना झालेला नाही.

चौथा आक्षेप चळवळीतूनच येतो: स्वतःच्या नावाची वेबसाइट म्हणजे व्यक्तिवाद. बाबासाहेबांनी स्वतःच्या नावाचे पत्र काढले नाही. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही सगळी समाजाची नावे. मुद्दा बरोबर आहे आणि आम्हाला तो पटतो. पण समाजाचे पत्र आणि व्यक्तीचे घर या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी नाहीत. वस्ती घरांचीच होते. कार्ले, कुडा, कान्हेरीच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख बघा. सुतार, माळी, लोहार अशा साध्या माणसांनी आपले दान आपल्या नावानिशी दगडावर कोरून ठेवले आहे. दान संघासाठी होते, नाव मात्र स्वतःचे होते. आपले लेखनही तसेच असावे. वेबसाइटच्या पहिल्या पानावर स्वतःचा भलामोठा फोटो आणि 'युवा साहित्यिक' अशी पदवी लावण्याऐवजी आपले लेख ठेवा आणि त्यांच्या शेजारी आपल्या चार सोबत्यांच्या पानांचे पत्ते द्या.

आता अटी आणि काही कामाच्या गोष्टी.

सगळेच वेबसाइटवर टाकू नका. बरेच दिवाळी अंक, मासिके आणि स्पर्धा 'पूर्वी प्रकाशित न झालेले' साहित्य मागतात, आणि वेबसाइटवर टाकलेले त्यांच्या लेखी प्रकाशितच असते. ज्या कथेला किंवा कवितासंग्रहाला पुस्तकाचे रूप द्यायचे आहे, त्यातले नमुन्यापुरते टाका. लेख, टिपणे, परिषदांचे वृत्तांत, गावातल्या घटनांच्या नोंदी मात्र लगेच टाका. त्यांची किंमत वेळेवर असण्यात आहे.

अत्याचाराच्या प्रकरणावर लिहिताना पीडित कुटुंबाची परवानगी घ्या. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आरोप लिहिताना एफआयआर किंवा न्यायालयाच्या कागदात आहे तेवढेच लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केले, पण आपल्या पोरांवर लावायला दुसरी कलमे आहेतच. लेखणी धारदार असावी आणि पुरावा तिच्याहून पक्का असावा.

मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेले जुने अंक दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हे दिसतात आणि गूगलवर शोधून सापडत नाहीत. पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर जतन करा. डोमेनची वार्षिक फी भरली नाही तर ते नाव दुसरा कुणी विकत घेऊ शकतो, तेव्हा ती तारीख घरात दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या. आणि वर्षाअखेर सगळे लेख छापून, शिवून, एक प्रत आपल्या विहारात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा.

ही शेवटची अट आम्ही आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या भागातले एक जुने कार्यकर्ते वह्या लिहायचे. पँथरच्या काळापासून नामांतरापर्यंतच्या सभा, मोर्चे, कोण बोलले, कुणाच्या घरी भाकरी झाली, कुणावर केस पडली, सगळे त्या वह्यांत होते. "छापायचंय रे एकदा," असे ते म्हणायचे. ते गेले. घराची डागडुजी निघाली आणि वह्या किलोच्या भावाने रद्दीत गेल्या. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या वह्यांचे मोल त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. बाबासाहेबांचे अप्रकाशित इंग्रजी लिखाणही वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. शासनाचा पहिला खंड यायला 1979 साल उजाडले. बाबासाहेबांच्या पेट्यांसाठी निदान समाज उभा राहिला. आपल्या वह्यांसाठी कोण उभे राहणार?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: तुम्ही लेखक आहात की नाही, हे छापखान्याने ठरवायची वाट बघू नका. लिहा, सोबत्यांना वाचून दाखवा, सुधारा आणि स्वतःच्या नावाने, तारीख घालून, स्वतःच्या जागेवर ठेवा. पुस्तक निघाले तर आनंदच आहे. नाही निघाले तरी उद्या पन्हाळा तालुक्यातल्या बौद्ध, मातंग, चर्मकार, नाभिक, धनगर वस्त्यांत या काळात काय घडत होते, हे शोधणाऱ्याला तुमचे शब्द तुमच्याच नावानिशी सापडले पाहिजेत.

कुणाला वेबसाइट उभी करायला हात लागत असेल तर महिन्याच्या त्या रविवारी गडावर या. मोबाइल चार्ज करून आणा आणि एक लेख लिहून आणा. बाकीचे आपण मिळून करू.

जय भीम! जय जोती!