मोगऱ्याचे लाड

वर्गात वसंतऋतू शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण अंगणातल्या वसंताने मला सपशेल नापास केले होते!

मुरबाडला बिऱ्हाड केले, तेव्हा आईने दादरच्या चाळीतून एक वस्तू हट्टाने आणली होती : तेलाच्या डब्यातला बटमोगरा. तो अंगणात लावला. तिच्या हाताखाली तो दर चैत्रात बहरे. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मोगरा माझ्याकडे आला. मग काय विचारता! दोन्ही वेळा पाणी. कात्रीचे तर नाव नाही. आईने वाढवलेली फांदी कापायची कशी? झाड हिरवेगार झाले, पुरुषभर वाढले. पण कळी एक नाही. दोन चैत्र असेच कोरडे गेले.

गेल्या मार्गशीर्षात भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या ठाकरीण आजी कुंपणाशी थबकल्या. "मास्तर, पोट भरलेलं झाड फुलंल कशाला? त्याचं पाणी तोडा. म्हशाची जत्रा झाली की छाटा."

"आईचं झाड आणि छाटायचं?" मी घरात येऊन कुरकुरलो.

"अहो, सासूबाई दरवर्षी छाटायच्या," सौभाग्यवती म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा पेपर तपासत असायचा."

मी गप्प झालो. फुले तेवढी मी पाहिली होती. हात पाहिले नव्हते.

दोन आठवडे पाणी बंद ठेवले. पौषी पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू झाली. ती आटोपल्यावर मोगरा गुडघ्याएवढा छाटला, आळे उकरले, शेणखत घातले आणि मग पाणी दिले. मोगऱ्याला कळ्या धरतात त्या नव्या फुटीवर. जुन्या फांद्या जपून मी त्याची वाटच अडवली होती. फाल्गुनात माळशेजच्या रस्त्याला पळस पेटले. अंगावर पान नाही, झारीने पाणी घालायला कोणी नाही, तरी केवढा तो थाट! आमच्या बोडक्या मोगऱ्यालाही तोवर कोंब फुटले होते.

पाडव्याला पहिली ओंजळ मिळाली. ती आईच्या तसबिरीपुढे ठेवली.

आपल्या कुंडीतही मोगरा असेल, तर फराळ होऊ द्या, घाई नाही. मार्गशीर्ष सरता सरता मात्र त्याचे लाड थांबवा. आणि घरात कोणी वडीलधारे असेल, तर कात्री कशी धरायची ते आत्ताच विचारून ठेवा.