गोल असो की चौकोनी, पापडाला जीएसटी नाही!

ऐका! पापडाला जीएसटी नाही! शून्य! आमच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले आहे, आता तुम्ही सापडलात! 2021 च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियावर पसरलं की गोल पापडाला कर नाही पण चौकोनीला आहे, आणि मग केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला जाहीर खुलासा करावा लागला की पापडाचा आकार काहीही असो, त्याला काहीही नाव असो, तो करमुक्तच! फक्त हॉटेलात ताटात वाढला तर गोष्ट वेगळी. बाप्पा! दिल्लीत बसून कोणीतरी आपल्या पापडाचा एवढा बारीक विचार केलाय!

मी वकील नाही, सीए तर नाहीच नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांनी यंदाचं वाळवण मोबाइलवरून विकायचं ठरवलं, कोणीतरी म्हणालं ‘कायद्याचं पाहून घ्या’, म्हणून मी वाचायला बसले. आणि मग उठवेचना!

आधी लोणच्याचं सांगते, कारण त्याला कर आहे. पूर्वी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या ॲपवरून करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागायचीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून ती अट सुटली! नोंदणीच्या मर्यादेखाली उलाढाल असणाऱ्याने पॅन देऊन नुसता एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विकायचं. पण माल आपल्याच राज्यात! म्हणजे पाहा, तेल्हाऱ्याचं लोणचं पार मुंबईपर्यंत खुशाल जाईल, पण सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूरला धाडायचं म्हटलं की मध्य प्रदेश लागला, आणि मग आधी जीएसटी नोंदणी! व्हॉट्सॲपवरून थेट पाठवलं तरी तेच! आमच्या इथल्या किती लेकी तिकडे दिल्या आहेत! आणि पापड? फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला या नोंदणीची सक्तीच नाही! पापडा, तुझी मजा आहे!

आता उठा, स्वयंपाकघरातून एखादं पाकीट घेऊन या. खरंच आणा! मागे बारीक अक्षरात एक लांबलचक आकडा आहे ना? मोजा. चौदा! तो अन्न परवान्याचा, एफएसएसएआयचा क्रमांक. मी तर घरातली सगळी पाकिटं काढून मोजत बसले, चौदा, चौदा, चौदा! आणि घरी केलेल्या कुरोड्या विकायच्या तरी ही नोंदणी लागते, घरगुती म्हणून सूट नाही. मला हे फार पटलं. खाणाऱ्याच्या पोटाला काय ठाऊक, माल कारखान्यातला की आपल्या गच्चीवरचा!

पाकीट ठेवू नका हो! नाव, पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन. हे वजनमापाचे 2011 चे नियम. आणि 2018 पासून यातलं जवळजवळ सगळं ऑनलाइन विकताना पडद्यावरही दिसायला हवं. आणि अजून एक! किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅममागे किंमत किती तेही छापायचं! अडीचशे ग्रॅम मुगवड्या शंभर रुपयांना, म्हणजे ग्रॅमला चाळीस पैसे! आपल्या मुगवडीचा ग्रॅमचा भाव कोणी कधी काढला होता का?

आणि मग मी 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांपाशी पोचले आणि माझी झोपच उडाली! विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून ‘वा, काय चव!’ असे खोटे अभिप्राय लिहायचे नाहीत, असं तिथे चक्क लिहिलंय! माल खराब निघाला किंवा सांगितल्यापेक्षा उशिरा पोचला तर परत घ्यायला नकार देता येत नाही. मोठ्या ॲपवर विकत असाल तर तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात. शिवाय 2019 च्या ग्राहक कायद्याने नागपूरचा ग्राहक नागपुरातूनच तक्रार करू शकतो, त्याला अकोल्याला यायची गरज नाही. जावं लागेल ते आपल्याला! म्हणून तर सांगते, पापडाला बुरशीचा डाग दिसला की तो बाजूला, तिथे वाद नाही.

तरी मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो व्हॉट्सॲपचा! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10 अ म्हणतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार रद्द ठरत नाही. म्हणजे ‘वहिनी, दोन किलो सरगुंडे पाठवा, किती झाले?’ आणि आपलं ‘हो, अमुक रुपये, सोमवारी निघतील’ एवढ्यानेही करार होऊ शकतो! ना स्टॅम्पपेपर, ना सही! म्हणून आता गटातल्या बायकांना सांगितलंय, भाव, वजन आणि पाठवायचा वार एकाच संदेशात लिहायचा, आणि तो संदेश पुसायचा नाही. शांताकाकू म्हणाल्या, ‘मग अंगठा कुठं लावायचा?’ मी म्हटलं, काकू, तो पाठवायच्या बटणावर लागला की!