हजेरीपटातलं नाव

मंडळी, लायब्ररीला स्वतःची आवृत्ती कशी कळते? पायथॉनपुरतं नातीनं दाखवलं. तिच्या लायब्ररीत आकडा दोन जागी होता, कोडमध्ये आणि पॅकेजच्या माहितीत. एक बदलला, दुसरा राहिला. बिघाड कुठल्या आवृत्तीतला, हे शोधण्यात दोन दिवस गेले. दोन जन्मतारखांचे विद्यार्थी मी पाहिलेत, पेन्शनच्या वेळी त्यांची काय दैना होते!

पायथॉन ३.८ (२०१९) पासून यासाठी 'इम्पोर्टलिब.मेटाडेटा' आहे. त्याला नाव सांगायचं, ते इन्स्टॉल करताना झालेली नोंद वाचून आकडा देतं. मात्र नाव दाखल्यावरचं हवं, हाकेचं नव्हे. 'पिल्लो'ला कोडमध्ये 'पीआयएल' म्हणून बोलावतात, पण आवृत्ती विचारताना 'पिल्लो'च. (आमच्या वर्गातले बंड्या आणि बाळ्या आठवले.) नोंदच नसेल तर अंदाजानं ठोकून देत नाही, पॅकेज सापडलं नाही म्हणतं.

कोडमधला आकडा नातीनं कालच खोडला.