मयताच्या वहीतील एक ओळ

नाव, वय, आईबाप, पती अथवा पत्नी, दफनाची तारीख. धर्मग्रामातील मयतांची नोंदवही भरणे हे आम्हां धर्मगुरूंचे नित्याचे काम. परंतु ते करताना १८१८ सालची एक परदेशी नोंद आम्हांला वारंवार आठवते. अमेरिकेतील मिसुरी प्रांतात, सेंट चार्ल्स येथे, त्या ऑगस्टमध्ये एका वृद्धाला मूठमाती देण्यात आली. तेथील धर्मगुरूंनी त्याच्या नावापुढे ‘निग्रो’ एवढेच लिहिले. आईबाप, जन्मस्थान, नातलग, काही नाही.

हा वृद्ध म्हणजे जाँ बाप्तिस्त पॉइंट दु साबल. आज जेथे शिकागो आहे, तेथे नदीच्या मुखाशी कायमचे घर करणारा पहिला बाहेरचा माणूस. (पहिला रहिवासी म्हणणे बरोबर नव्हे, पोटावाटोमी लोक तेथे होतेच आणि त्याची पत्नी किटिहावा त्यांच्यातलीच.) टोळीच्या रिवाजाने त्यांनी आधीच संसार थाटला होता, २७ ऑक्टोबर १७८८ रोजी काहोकिया येथे धर्मगुरूसमोर त्यांचा विवाहसंस्कार झाला. जाँ आणि सुझान ही त्यांची मुले. म्हणजे ख्रिस्तसभेला हे कुटुंब ठाऊक होते. फक्त वही दुसऱ्या गावची होती.

१८०० साली त्याने शिकागोतील मालमत्ता विकली. त्या खरेदीखतात घर, कोठारे, घोड्याने चालणारी गिरणी, पावाची भट्टी, ३० गुरे आणि ४४ कोंबड्या नोंदल्या आहेत. कोंबड्या मोजल्या गेल्या. किटिहावाचे नाव मात्र पतीच्या दफनाच्या नोंदीत आले नाही.

त्या धर्मगुरूंना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. पोटासाठी दूरदेशीहून आलेला मजूर आमच्याकडे मरतो, तेव्हा मुकादमाला त्याच्या हजेरीचे दिवस पाठ असतात. आईचे नाव विचारले की तो मान हलवतो. आम्ही दुसऱ्याला विचारतो, तिसऱ्याला विचारतो. तेवढा वेळ शवपेटी थांबते.

दु साबलच्या थडग्यावर खूण नव्हती आणि ते दोनदा हलवले गेले असे मानतात. १९६८ साली तेथे ग्रॅनाइटची शिला बसवली. २००२ साली खणून पाहिले, तर अवशेष सापडले नाहीत. शिकागोने २०२१ साली तळ्याकाठच्या हमरस्त्याला त्याचे नाव दिले. तिकडे कधी जाणे झाले, तर आम्ही त्या शिलेपाशीच प्रार्थना करू आणि किटिहावाचेही नाव घेऊ.