काठावर लिहिलेलं गाव

नागपूरला आलात की संत्राबर्फी तर तुम्ही घ्यालच. पण मित्रांनो, एका संध्याकाळी आईबरोबर धरमपेठेतही एक चक्कर मारा. ट्रॅफिक पार्कमध्ये मनसोक्त खेळून झालं की एखाद्या साडीच्या दुकानात शिरा आणि ऐटीत म्हणा, "काका, करवती दाखवा!"

काका तुमच्यापुढे मधाच्या रंगाची टसरची साडी पसरतील. काठ लाल, हिरवा नाहीतर काळा. आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे बघा, कसे टोकदार दात! अगदी सुताराच्या करवतीसारखे. म्हणून ही 'करवती'. कुणाला त्यात देवळांच्या शिखरांची रांगही दिसते.

हे दात छापलेले नसतात बरं का! माग चालतो तेव्हा धोटे असतात तीन. एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. काठाचा धागा थोडा थोडा आत सरकतो, मग थोडा थोडा मागे येतो. दर वेळी तो अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. झाला एक दात! असे शेकडो दात हातानं विणायचे. एका साडीला कित्येक दिवस लागतात, ते उगाच नाही.

या साडीचं गाव कोणतं? नागपूरहून साठ-एक किलोमीटरवर भंडारा. त्या जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावचे कोष्टी विणकर यात वाकबगार. टसरचे किडे पूर्व विदर्भातल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाची पानं खातात. ढिवर समाजातली माणसं झाडांवरच्या किड्यांची पाखरांपासून राखण करतात आणि कोष गोळा करतात. म्हणजे एका काठात जंगल, नदीकाठची गावं आणि माग, सगळंच आलं की!

अशी ओळख जगभर आहे. मोर दिसला की आपण म्हणतो, पैठणी! थायलंडच्या उत्तरेला बायका 'फा सिन' नेसतात. तिच्या खालच्या नक्षीदार पट्टीला 'तीन चोक' म्हणतात. ती बघून जाणकार सांगतात, ही कुठली.

करवतकाठीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरीही हातमाग कमी होत चालले आहेत. स्वस्त छापील नक्कल मिळते, मग मेहनतीचे दाम कोण देणार? आणि दाम नाही मिळाले, तर विणकराची मुलं मागावर का बसतील? एकदा हात थांबले की ते दात पुन्हा विणायला शिकवणार कोण?

"काका, अस्सल कशी ओळखायची?" असंही विचारा. साडी उलटी करून बघा. छापील असेल तर मागे रंग फिका पडलेला दिसतो. विणलेले दात दोन्ही बाजूंनी ठसठशीत दिसतात.

आता एक काम करा. आजीची पेटी उघडायला लावा. एकेका साडीचा काठ बघा आणि विचारा, "आजी, ही कुठल्या गावची गं?" उत्तरं वहीत लिहून ठेवा. बघा, किती गावं तुमच्या घरातच राहायला आलेली आहेत!