एका रात्रीचा पाहुणा

आमच्या खंडाळ्याला पाहुण्यांचे नावीन्य नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली, तेव्हापासून मुंबईकर येथे हवा खायला येत आहेत. श्रावणात तर धुके आणि पाहुणे यांतून वाट काढीत मला बालवाडी गाठावी लागते. पण गेल्या वैशाखात आमच्या घरी जो पाहुणा राहिला तो आगगाडीने आला नव्हता, आणि सरळ उभा राहण्याची त्याची रीतही नव्हती.

तिन्हीसांजेची वेळ. घरामागच्या विजेच्या तारांना एक भले मोठे वटवाघूळ चिकटले आणि जागच्या जागी मेले. फळे खाणाऱ्या या जातीचे पंख पसरले की चार फूट सहज भरतात. एक पंख एका तारेला, दुसरा दुसरीला लागला की कारभार आटोपला. वीज गेली. वायरमन खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, "बाई, ह्ये मेलंय, पण पोटाशी कायतरी हलतंय!"

काय हलते आहे हे मला ठाऊक होते. कारण आदल्या वर्षी असेच एक पिलू मी माझ्या हाताने मारले होते.

मारले म्हणजे जीव लावून मारले. जांभळीखाली गारठून पडलेले ते मी उचलले, पदरात घेतले, आणि भुकेले असेल म्हणून चमच्याने दूध पाजले. एक चमचा, दोन चमचे, आणखी अर्धा. सकाळी पाहते तो ते निपचित. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यायची असते, दूध मागाहून. आणि चमच्याने ओतलेले दूध पोटाऐवजी छातीत उतरू शकते, हे सारे मला नंतर कळले. बालवाडीतल्या मुलांना मी सांगितले, "उडून गेलं." कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला खोटे बोलणे जड जाऊ नये, पण ते खोटे जड गेले.

म्हणून या खेपेस मी पदर पुढे केला नाही. वायरमनच्या हातांत जाड मोजे होते. वटवाघळीण पिलाला पंखाखाली, काखेजवळ पाजते. पिलाचे दुधाचे दातही आकड्यांसारखे वळलेले असतात, आई उडत असताना धरून राहता यावे म्हणून. ती मिठी सोडवताना तो धटिंगण माणूसही गप्प झाला. पिलू टोपलीत ठेवले आणि मी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवला. पलीकडून सूचना आल्या: उघड्या हाताने शिवू नका, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, लटकायला कापड द्या, कोणी येईपर्यंत काही पाजू नका. माणसे सकाळी येतील.

तोवर शेजारीपाजारी जमले होते. घरात वाघूळ म्हणजे अवदसा, असे एकीचे म्हणणे. दुसरे गृहस्थ वर्तमानपत्र वाचणारे, त्यांनी निपाह काढला. आता, अवदसेचे मी मनावर घेतले नाही, पण निपाहची भीती फुकाची नव्हे. २०१८ साली केरळात त्या रोगाने माणसे दगावली. आणि महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत त्या विषाणूच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ साली जाहीर केले. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणूनच मोजे, म्हणूनच मुलांना लांब ठेवणे. पण त्या भीतीपायी झाडे तोडायची आणि फटाके लावून वाघळे हुसकायची, हा उपाय मला कधी समजला नाही. जवळीक टाळायची असेल, तर त्यांना त्यांच्या झाडावर राहू द्यावे हे बरे.

सरकारलाही हे उमगायला वेळ लागला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला बसवून 'उपद्रवी' ठरवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती पंगतच उठवली. उंबराचे आणि वडाचे बी रानोमाळ नेऊन टाकणारा हा प्राणी, उपद्रव कसला?

मध्यरात्री पिलू किंचाळू लागले. बारीक, चिरका आवाज. मी उठून बसले, हात मागे बांधल्यासारखी. तेवढ्यात सासूबाई कंदील घेऊन आल्या. संध्याकाळी देवासमोर दिवा लावून त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. हातात जुन्या लुगड्याचे एक धुवट, घडी घातलेले दुपटे होते.

"घे. मऊ आहे. ट्रंकेत पडूनच होतं."

आमच्या घरात पाळणा हलला नाही. तो विषय आम्ही दोघी कधी काढीत नाही. मोजे घालून मी ते दुपटे टोपलीच्या दांडीवर टाकले. पिलाने पायांच्या बोटांनी ते पकडले, उलटे झाले, पंख स्वतःभोवती लपेटून घेतले आणि थांबले. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. "तोंड कोल्ह्यासारखं आहे गं," एवढेच म्हणाल्या.

खरे सांगते, वाचकहो, उजाडेपर्यंत मी ते ठेवून घेण्याचे बेत करीत होते. माझ्या कादंबऱ्यांतून अनाथ मुले पुष्कळ. शेवटच्या प्रकरणात त्यांना कोणाचे तरी घर मिळतेच, आणि वाचकांनाही तेच आवडते. पण घरी ठेवणे हा गुन्हा, आणि गुन्हा नसता तरी ते त्याच्या हिताचे नव्हते. एकट्याने वाढलेल्या वाघळाला वाघूळ होता येत नाही. त्याला बरोबरीची पिले लागतात, पंख बळकट करायला मोठा पिंजरा लागतो. सोडतानाही एकदम सोडून भागत नाही. रानातली फळे शोधता येईपर्यंत काही दिवस बाहेर खाणे ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियात ॲथर्टनच्या पठारावर टोल्गा येथे वटवाघळांचे इस्पितळच आहे. तेथे पिलांना फडक्यात गुंडाळून तोंडात चोखणी देतात. हसू येते, पण त्याच मुलखात, केर्न्स भागात, २०१८ च्या नोव्हेंबरातील उन्हाच्या लाटेने सुमारे २३ हजार वटवाघळे दोन दिवसांत मेली, आणि मादीला वर्षाकाठी पिलू एकच.

सकाळी लोणावळ्याची दोन पोरे मोटारसायकलवर आली, पिलाला खोक्यात घातले आणि पुण्याकडे उपचारकेंद्रात घेऊन गेली. दुपटेही बरोबर गेले. निघताना एकजण म्हणाला, "बाई, नाव ठेवू नका हं याचं." मी ठेवले नव्हते. सासूबाईंनी ठेवले होते, असे पुढे कळले. ते येथे लिहीत नाही.

दसऱ्याच्या सुमारास फोन आला. इतर पिलांबरोबर सोडले होते. पहिल्या रात्री फळांकडे परतले, पाचव्या रात्री आले नाही. ही चांगली खूण असते म्हणे. सासूबाईंना सांगितले, तर त्यांनी विचारले, "दुपट्याचं काय झालं?" फाटले असणार, असे मी म्हणाले. "फाटू दे," म्हणाल्या, आणि करंज्यांसाठी खोबरे किसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत मुलांनी गाठले. "बाई, त्या वाघळाचं काय झालं?"

"उडून गेलं," मी म्हणाले.

कोपऱ्यात बसणारा एक चिमुरडा माझ्याकडे रोखून पाहत होता. "मागच्या वेळीपण तुम्ही असंच सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्या दिवशी गोष्टीच्या तासाला मी त्यांना पहिल्या पिलाची गोष्ट सांगितली.