हा आजार उष्ट्याने पसरत नाही

तोंड आलं की आपण बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतो, तिखट बंद करतो आणि आठवडाभरात विसरूनही जातो. माझ्या खालाचं तोंड मात्र चार महिने बरं झालं नाही. चहाचा घोटही गिळवेना. मग पाठीवर पाण्याने भरलेले, हात लागताच फुटणारे फोड आले. बायोप्सीनंतर नाव कळलं : पेम्फिगस व्हल्गॅरिस.

त्वचेच्या आणि तोंडातल्या पेशींना डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं एकमेकींशी बांधून ठेवतात. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांनाच शत्रू समजते. बंध सुटतात, फोड येतात. मुळाशी बाहेरचा जंतू नसतोच, म्हणून हा आजार स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही. तरी एका दावतीत खालाचं ताट वेगळं वाढलं गेलं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी गुनाहांची सजा. फोडांपेक्षा तेच तिला जास्त झोंबलं.

१९५०च्या दशकात स्टेरॉइड येण्यापूर्वी यातले बहुतेक रुग्ण दगावत. आज स्टेरॉइडबरोबर रिटुक्सिमॅबसारखी औषधं आहेत. पण फोड सुकले किंवा रमजान आला म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवणं जिवावर बेतू शकतं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत तर कुरआनानेच दिली आहे.

तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि असा कुणी आजारी घरी आला, तर दस्तरख्वानावर त्याला आपल्या शेजारी बसवा.